मेंढखिंडची अकरा टक्के तूट

जत तालुक्यातल्या मेंढखिंड गावच्या सौर प्रकल्पातून चोवीस पॅनेल चिठ्ठ्या टाकून निवडण्यात आली. जागेवर असताना त्यांतले प्रत्येक पॅनेल नोंदलेल्या क्षमतेपेक्षा अकरा टक्के कमी वीज देत होते, पण तेव्हा ते एकेक करून तेथे कोणी मोजले नव्हते. ती उतरवून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आली. तेथे तेवीस पॅनेल पूर्ण क्षमतेची निघाली. चोविसावे साडेआठ टक्के कमी भरले.

*

हा प्रकल्प २०३८ साली उभा राहिला. त्याआधी सहा वर्षे तो कागदावर होता. गावाकडे एकशे चाळीस एकर गायरान होते. पाऊस नावापुरता, ऊन वर्षातले तीनशे दिवस. बाहेरच्या तीन कंपन्यांनी जमीन भाड्याने मागितली होती. ग्रामसभेने तिन्ही वेळा नकार दिला आणि स्वतःची उत्पादक कंपनी काढली. गावच्या माध्यमिक शाळेतले विज्ञानशिक्षक मायाप्पा बंडगर यांनी नोकरी सोडून तिचे व्यवस्थापन अंगावर घेतले. गाव त्यांना गुरुजी म्हणत असे आणि पुढेही म्हणत राहिले.

कर्ज मात्र मिळेना. गायरानाच्या सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या नोंदी होत्या. विजेचे उपकेंद्र बावीस किलोमीटरवर होते. कंपनीला पूर्वानुभव नव्हता. एका बँकेने तर मेंढ्या पॅनेलखाली चरणार ही जोखीम म्हणून लिहून दिली होती. अखेर एका वित्तसंस्थेने होकार दिला. कारण गाव विश्वासार्ह वाटले हे नव्हते. नवी पॅनेल बाजारात आली होती आणि त्यांच्या किमतीत हिशेब बसत होता.

त्या पॅनेलविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. सिलिकॉन सूर्यप्रकाशातला तांबडा भाग चांगला पकडतो. निळ्या भागातली पुष्कळशी शक्ती त्यात उष्णता होऊन वाया जाते. सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा पातळ थर दिला, तर तो निळा भाग पकडतो आणि तांबडा खाली जाऊ देतो. अशा जोडथराच्या पॅनेलची क्षमता एकतीस टक्क्यांवर जाते. या स्फटिकाचा दोष जुना आणि माहितीतला होता. त्यातले काही आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सैल असतात. प्रकाशात ते जागा सोडून थराच्या कडेला जमतात आणि विजेची वाट अडवतात; अंधारात ते परत फिरतात. सुरुवातीची पॅनेल त्यामुळे काही तासांत मलूल होत आणि रात्रीतून सावरत. मेंढखिंडला बसवलेल्या पॅनेलमध्ये उत्पादकाने एका क्षाराचा थर घालून हे आयन जखडले होते. सलग अठ्ठेचाळीस तास प्रखर प्रकाशात ठेवूनही क्षमता घटली नाही, असे प्रमाणपत्र सोबत होते. प्रमाणपत्र खरे होते.

कर्जाच्या करारात तीन मोजमापे होती: किती ऊन पडले, पॅनेल किती सक्षम आहेत आणि किती वीज वाहिनीत गेली. पहिल्या दोहोंवरून तिसरे निघायला हवे. न निघाल्यास जो फरक राही, त्याला करारात ‘अस्पष्टीकृत तूट’ म्हटले होते. सलग तीन तिमाह्या ती पाच टक्क्यांपेक्षा जास्त राहिली, तर ती चोरी समजून वित्तसंस्थेने प्रकल्प ताब्यात घ्यावा आणि व्यवस्थापकावर फिर्याद द्यावी, असे ठरले होते. सही करताना गुरुजींनी ते कलम दोनदा वाचले होते. ज्याला चोरी करायची नाही त्याला त्यात भिण्यासारखे काही नव्हते.

दोन महिन्यांत तूट अकरा टक्क्यांवर स्थिरावली. ऊन मोजणारी उपकरणे तपासली; बरोबर होती. काचेवरची धूळ तपासली. बायका आठवड्यातून दोनदा पॅनेल पुसत होत्या. उरली पॅनेल. म्हणून चोवीस नमुने पुण्याला गेले.

*

पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मापन विभागाच्या प्रमुख डॉ. सारिका बंडगर होत्या. नमुने कोणत्या प्रकल्पाचे आहेत हे मोजणाऱ्याला कळू नये, असा तेथला नियम होता. म्हणून वेष्टने वेगळ्या खोलीत उघडली जात आणि पॅनेल नुसत्या क्रमांकासह मापनकक्षात येत. नऊ वर्षांपूर्वी हा नियम सारिकाने स्वतः लिहिला होता.

“मॅडम, हे ज्यानं बांधलंय ना,” तंत्रज्ञ इरफान मुजावर पहिले पॅनेल ढकलगाडीवरून आत आणत म्हणाला, “आमच्या बहिणीची पाठवणीसुद्धा एवढ्या काळजीनं झाली नव्हती.”

“कुणी बांधलंय ते मला कळू नये, म्हणून तुम्ही पलीकडच्या खोलीत उघडता, इरफानभाई.”

“मी कुठं काय सांगितलं? फक्त सकाळपासून शिंकतोय, एवढंच सांगतो.”

पॅनेल आल्यापासून दोन दिवस तळघरातल्या गोदामात होती; सील प्रत्येकाचे शाबूत होते. प्रत्येक पॅनेल आधी दोन तास दिव्यांखाली ठेवून स्थिर करायचे, मग मोजायचे, अशी रीत होती. तेवीस पॅनेलची मोजमापे छापील क्षमतेपासून अर्धा टक्कासुद्धा हलली नाहीत. चोविसावे साडेआठ टक्के खाली आले. इरफानने ते पुन्हा मोजले. आकडा तोच.

“याला वेष्टन नीट नव्हतं,” तो म्हणाला. “बाकीच्यांना जाड गुंडाळलं होतं, ह्याला नुसतं पारदर्शक प्लास्टिक. वाटेत आपटलं असेल. अंधारात करंट देऊन फोटो काढू? तडा असला तर लगेच दिसेल.”

“किती वेळ लागेल?”

“मांडणी बदलायची म्हणजे तासभर तरी.”

दोन वाजता यंत्र दुसऱ्या कामाला द्यायचे होते. नियमावलीत सोय होती: वेष्टन अपूर्ण असलेला नमुना वाहतुकीत बाधित मानून वगळावा. हेही कलम सारिकाचेच होते.

“नको,” ती म्हणाली. “नियम स्पष्ट आहे. वगळा.”

तिने अहवालावर सही केली. तेवीस नमुने, सर्व निर्दोष.

*

अहवाल समजावून देण्यासाठी तिला वित्तसंस्थेच्या कार्यालयात बोलावण्यात आले. जोखीम विभागाचे सबनीस नावाचे गृहस्थ समोर होते. पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी तिच्यासमोर पाकीट फोडले, सांकेतिक क्रमांकापुढचे गावाचे नाव वाचले आणि कागद तिच्याकडे सरकवला.

सारिकाने तो वाचला आणि परत सरकवला.

“मेंढखिंड माझं गाव आहे,” ती म्हणाली. “तिथले व्यवस्थापक माझे सख्खे भाऊ आहेत. हे लेखी नोंदवून घ्या.”

सबनीसांनी पेन उघडून ते टिपून घेतले. “मोजताना हे माहीत होतं?”

“नाही.”

“मग तुमचा अहवाल अधिकच विश्वासार्ह ठरतो,” ते म्हणाले. त्यांच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता. ते फक्त खरे तेच सांगत होते.

पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, मायाप्पा बंडगर तिच्या दारात उभे होते. हातात कापडी पिशवी, पिशवीत वह्या.

“कळवलं असतंस तर स्वारगेटला आले असते, दादा.”

“का? मी काय वाट चुकणार हाय? तुला हॉस्टेलला सोडायला मीच आलो हुतो की.” ते खुर्चीवर बसले. “सारे, सही वळखली मी तुझी. नवव्वीत मी सांगून दमलो, ‘स’ची शेपटी एवढी लांब काढू नको म्हणून. अजून तशीच काढतीस.”

“ह्या विषयावर आपण बोलणं बरोबर नाही. नियमात बसत नाही.”

“मग नियम वाईच बाजूला बसू दे. च्या टाक.”

चहा होईपर्यंत त्यांनी वह्या मांडल्या. पहिल्या दिवसापासूनच्या रोजच्या नोंदी होत्या, ओळी शाळेतल्या फळ्यावरच्यासारख्या सरळ. पहिल्या दहा दिवसांत काही नाही. मग रोज किंचित, फार किंचित घट. दोन महिन्यांत अकरा टक्के. मग तेथेच थांबलेली.

“पॅनेल खराब हायती,” ते म्हणाले.

“नाहीत.”

“मी रोज बगतोय, सारे.”

“तू वीज बघतोयस. मी पॅनेल बघितली. तेवीसच्या तेवीस. एकसुद्धा अर्ध्या टक्क्यानं कमी नाही. माझ्या यंत्राची चूक जास्तीत जास्त पाव टक्का असते.”

“चोवीस पाठवली हुती.”

“एक वाटेत खराब झालं.”

त्यांनी मान हलवली. बहिणीच्या मोजण्यावर त्यांचा विश्वास होता. मोजणे तिला त्यांनीच शिकवले होते. “बरं. पॅनेल चांगली. ऊन बरुबर. मीटर बरुबर. मग वीज जातीया कुठं?”

सारिकाने कप खाली ठेवला. “ते तुला माहीत असायला पाहिजे, दादा.”

“म्हंजे?”

“पॅनेल आणि मीटर यांच्या मध्ये फक्त तारा उरतात. आणि माणसं.”

“माणसं म्हंजे आमी.”

तिच्या मते हा आरोप नव्हता. वजाबाकीत शिल्लक राहिलेली गोष्ट होती. मायाप्पांनी वही मिटली.

“सत्यव्वा पॅनेल पुसती. तुकाराम गवत काढतो. साठ घरांची मेंढरं आत चरत्यात. ह्यातलं कोण चोरल, सांग मला. घरात दोन दिवं आन एक पंखा. अकरा टक्के वीज नेऊन घालायची कुठं? हिरीत?”

“मी नाव घेतलेलं नाही कुणाचं.”

“न्हाय घेतलंस.” त्यांनी वह्या पिशवीत भरल्या. “तुजं मोजमाप चुकीचं आसतं तर बरं झालं आसतं. पन ते चुकीचं न्हाय. मग तारा बगाया पायजेत. जमिनीत कुठंतरी मुरत आसंल.”

ते जेवून गेले. भाकरी चांगली झाली आहे असे म्हणाले आणि नेहमीप्रमाणे स्वतःचे ताट स्वतः धुऊन ठेवले.

*

तारांमधली गळती शोधायची सरळ पद्धत अशी: तारेच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी प्रवाह मोजायचा. दोन आकड्यांत फरक आला, की मधे गळती आहे. पण गळती दिसायची तर तारेतून प्रवाह वाहत हवा, म्हणजे ऊन हवे आणि प्रकल्प चालू हवा. मेंढखिंडला तारांच्या सहाशे बारा जोड्या होत्या. तिसरी तिमाही संपायला सेहेचाळीस दिवस उरले होते. गुरुजी रोज दहा ते तीन या वेळात तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा चिमटामापक घेऊन रांगांमधून फिरू लागले. एका टोकाला ते आणि दुसऱ्या टोकाला तुकाराम. ओरडून एकमेकांना आकडे सांगायचे. प्रत्येक जोडीची पेटी उघडण्याचे काम ते स्वतः करत. तुकारामला हात लावू देत नसत.

पहिल्या तीनशे जोड्यांत फरक सापडला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी साडेबाराला ते तीनशे सतराव्या जोडीशी होते. पेटीत तारा दाटीने बसवल्या होत्या आणि चिमटा आत जात नव्हता. जागा करण्यासाठी त्यांनी दोन तारा जोडणारा एक खटका-जोड ओढून काढला. घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे जोड सुटताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. पॅनेलचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो आणि शून्यावर कधी येत नाही. दीड हजार व्होल्टला जोड सुटला की ठिणगी विझत नाही. ती पेटत राहते. हे गुरुजींना माहीत होते. पेटीच्या झाकणावरची सूचना त्यांनीच मराठीत लिहून घेतली होती. तीनशे सोळा पेट्यांत त्यांनी ती पाळली.

मिरजेच्या रुग्णालयात तिसऱ्या दिवशी ते वारले. सारिका दोन दिवस तेथे होती. ते शुद्धीवर नव्हते.

वित्तसंस्थेच्या कागदांत नोंद झाली की संशयित व्यवस्थापकाचा विद्युत-जोडणीत हस्तक्षेप करताना अपघाती मृत्यू झाला. महिनाभराने तिमाही संपली. तूट अकरा टक्केच होती. प्रकल्पाच्या फाटकाला दुसरे कुलूप लागले आणि मेंढ्या बाहेर काढण्यात आल्या.

*

त्याआधी, तेराव्याचे जेवण उरकल्यावर सत्यव्वा सणगर सारिकापाशी येऊन बसली. साठीची बाई, तिचे घर पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणणारे, आणि पॅनेल पुसणाऱ्या बायकांची ती मुकादम होती.

“सारूबाई, इचारू नये ह्या टायमाला. पन बाया माज्या मागं लागल्याती.”

“विचारा की, काकू.”

“आमच्या घोंगड्या अजून आल्या न्हाईत माघारी.”

“कसल्या घोंगड्या?”

“पॅनेल बांधून दिली हुती न्हवं, पुन्याला? कर्जवाल्या साहेबांची गाडी आली, खिंडीतला रस्ता बगून माघारी फिरली. म्हनली, काच फुटंल, तुमी तुमच्या जबाबदारीवर पाटवा. मग गुरुजी म्हनलं, लेकरागत पाटवायची. घरटी एक घोंगडी काढली आमी. आमच्या हातची दुहेरी, काळी. चारी अंगानं गुंडाळली आन सुतळीनं तोंड शिवलं. साहेबानं शिवनीवर लाखंचं शिक्कं मारलं. थंडी तोंडावर आली, बाई. म्हातारी मानसं कुडकुडत्यात.”

“मी पाठवून देते. चोवीस ना?”

“तेवीस.”

सारिकाने मान वर केली.

“चोविसावी तुकारामच्या घरची हुती. त्याच दिशी पहाटं त्याचा बाप गेला. मानूस घोंगडीत जन्मला, घोंगडीतच न्ह्याचा, आपली रीत हाय. त्याच्या आंगावरची कशी वडायची? मग त्या एका पॅनेलला टेंपोवाल्यानं पारदर्शक पलास्टिक दिलं.”

“आणि मग? टेंपो लगेच निघाला?”

“कुठला! आठवड्याचा टेंपो. मिरजंला मालधक्क्यावर उगड्यावर चार दिस पडून हुती समदी. गुरुजी दोनदा जाऊन बगून आलं, कुनी हात तर लावला न्हाई म्हून. पोचाय सा दिस लागलं.”

सारिका धनगराच्या घरात वाढली होती. दुहेरी घोंगडी डोक्यावरून घेतली की भर दुपारी आत किती अंधार असतो, हे तिला कोणी सांगायला नको होते. तिच्या प्रयोगशाळेत ही गोष्ट ओळखू शकणारी ती एकच व्यक्ती होती, आणि वेष्टने तिला दिसू नयेत असा नियम तिनेच केला होता.

“सहा दिवस,” ती म्हणाली. “आणि दोन दिवस आमच्या तळघरात. आठ.”

“काय आठ?”

“काही नाही, काकू. घोंगड्या मी स्वतः घेऊन येते. पण सहा घोंगड्या मला अजून थोडे दिवस लागतील.”

*

सबनीसांनी तिचे म्हणणे मधे न तोडता ऐकून घेतले.

“तुमचा निष्कर्ष आधीच ठरलेला नाही ना, डॉक्टर?”

“ठरला होता. दोन महिन्यांपूर्वी. त्यावर माझी सही आहे.”

त्यांनी तिला तीस दिवस दिले. देखरेखीला स्वतःचा माणूस ठेवला, आणि ते योग्यच होते.

सारिकाने पॅनेल हलवली नाहीत. मोजण्याचे यंत्र उचलून मेंढखिंडला नेले. बारा पॅनेल निवडली. बारा जागेवरच मोजली. प्रत्येक अकरा टक्क्यांच्या आसपास कमी भरले. सहा तशीच उघडी ठेवली. सहा घोंगड्यांत गुंडाळून, तोंडे शिवून, तेथेच चौकटीवर राहू दिली. रोज यंत्रापुरती सोडून मोजायची आणि पुन्हा शिवायची, हे काम सत्यव्वा करत असे.

उघड्या सहांत बदल झाला नाही. गुंडाळलेल्या सहांत पहिल्या रात्रीनंतर बदल जवळजवळ शून्य होता. दुसऱ्या दिवशी तूट साडेआठवर आली. आकडा वाचून सारिकाने यंत्र बंद केले आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू केले. आठव्या दिवशी तूट अर्ध्या टक्क्याच्या आत होती. मग तिने घोंगड्या काढल्या. पहिले दहा दिवस पॅनेल निर्दोष राहिली. त्यानंतर रोज किंचित घट सुरू झाली. मुदत संपली तेव्हा ती चार टक्क्यांवर होती. गुरुजींच्या पहिल्या वहीतला आलेख आणि हा आलेख तिने एकावर एक ठेवले. रेघ एकच होती.

“म्हंजे ह्येंला झोप पायजे हुती,” शेवटची घोंगडी घडी घालताना सत्यव्वा म्हणाली. “लई दिसांची.”

“हो.”

“मग गुरुजी तारंत काय हुडकत हुतं?”

सारिकाने तिच्या हातातली घोंगडी घेतली आणि बाकीच्या पाचांवर ठेवली.

पुण्याला परतल्यावर तिने सबनीसांना एक प्रश्न विचारला. अकरा टक्के कमी धरूनच पहिल्यापासून कर्ज बसवले असते, तर प्रकल्प तगला असता का?

सबनीसांनी संगणकावर आकडा बदलला. उत्तर यायला चार-पाच सेकंद लागली.

“परतफेडीची मुदत दोन वर्षं वाढली असती,” ते म्हणाले. मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. “एवढंच.”

फिर्याद मागे घेण्यात आली. आरोपी हयात नसल्याने ती तशीही चालणार नव्हती. उत्पादकावरच्या दाव्याला वकिलांच्या मते सहा-सात वर्षे लागणार होती. तोवर प्रकल्प वित्तसंस्थेच्याच ताब्यात राहायचा होता. तेवीस घोंगड्या गावात परत पोचल्या.

सारिकाने सुधारित अहवाल लिहिला. त्यातला कारणांचा परिच्छेद असा आहे:

“उत्पादकाने क्षाराचा थर घालून आयनांची हालचाल थांबवली नव्हती, मंद केली होती. पूर्वी तासांत येणारी घट आता दोन महिन्यांत येते, आणि पूर्वी एका रात्रीत होणारी भरपाई आता सलग आठ दिवसांच्या अंधाराशिवाय पूर्ण होत नाही. अठ्ठेचाळीस तासांच्या प्रमाणन-चाचणीत ही घट दिसू शकत नाही, आणि शेतात आठ दिवसांची रात्र होत नाही. मेंढखिंडच्या तेवीस पॅनेलना घोंगडीत आणि तळघरात मिळून आठ दिवस अंधार मिळाला. मोजणीपूर्वीच ती बरी झाली होती. चोविसाव्याला फक्त तळघरातले दोन दिवस मिळाले. चोवीस नमुन्यांपैकी शेतातली स्थिती दाखवणारा तो एकच नमुना होता. त्यात तडा नव्हता. आता घेतलेले छायाचित्र सोबत जोडले आहे. तो नमुना मी न तपासता वगळला. तपासाला एक तास लागला असता. उरलेल्या तेवीस मोजमापांच्या आधारे तूट तारांमध्ये किंवा माणसांमध्ये आहे, असे मी व्यवस्थापकांना सांगितले. वीज चोरीला गेली नव्हती. अपघातानंतर राहिलेल्या दोनशे शहाण्णव जोड्याही आता मोजल्या आहेत. तारांमध्ये कोठेही दोष नाही.”